अक्षयनीवी : दान टिकतं कसं?

उपासक-उपासिकांनो, जयंती आली की आपल्या वस्त्यांत उत्साहाला तोटा नसतो. वर्गणी जमते, वाचनालय निघतं, मुलांची अभ्यासिका सुरू होते. फीत कापली जाते, फोटो निघतात. आणि पुढच्या जयंतीपर्यंत कपाटाला कुलूप! माणसं वाईट असतात असं नव्हे. सुरू करायला पैसा असतो, चालू ठेवायला नसतो. या दुखण्यावरचं औषध आपल्याच लेण्यांत कोरून ठेवलेलं आहे.

नाशिकजवळ त्रिरश्मी डोंगरावर बौद्ध लेणी आहेत. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात. तिथल्या १० क्रमांकाच्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. त्यानं भिक्खूसंघासाठी ३००० कार्षापण दान दिले, पण ते खर्चायला दिले नाहीत. गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले. २००० एकीकडे, दरमहा शेकडा १ व्याजानं. १००० दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजानं. मुद्दल परत घ्यायचं नाही, व्याजच वापरायचं. म्हणून ती 'अक्षयनीवी', म्हणजे कधी न सरणारी ठेव.

आता हिशेब करून बघा. २००० वर महिन्याला २०, म्हणजे वर्षाला २४० कार्षापण. लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२. बरोबर २४०! हे दान निगमसभेत जाहीर करून फलकावर नोंदवलं, असंही लेखात आहे. म्हणजे मुद्दल राखलं, ठेव व्यवसाय करणाऱ्या संस्थेकडे दिली, आणि हिशेब चारचौघांत मांडला.

आपल्या कोल्हापुरातही हे दिसतं. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं. पुढं १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झालं. महाराजांनी बोर्डिंगांना नुसता आशीर्वाद दिला नाही. जागा दिल्या, इमारती दिल्या, मदत दिली. ६ मे १९२२ रोजी महाराज गेले, पण बोर्डिंगांची परंपरा त्यांच्याबरोबर संपली नाही.

याउलट 'मूकनायक' बघा. ३१ जानेवारी १९२० रोजी हे पाक्षिक निघालं. महाराजांनी त्याला २५०० रुपयांची मदत केली होती. त्याच वर्षी बाबासाहेब शिक्षणासाठी लंडनला गेले, आणि १९२३ साली ते बंद पडलं. त्या पाक्षिकाचं मोल कमी नव्हतं, पण एकदाच मिळालेल्या रकमेवर पत्र किती दिवस चालणार? पुढं बाबासाहेबांनी संस्था उभ्या केल्या. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा, १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी. तिचं मुंबईचं सिद्धार्थ कॉलेज १९४६ चं, औरंगाबादचं (आताचं छत्रपती संभाजीनगर) मिलिंद महाविद्यालय १९५० चं. बाबासाहेब १९५६ साली गेले, कॉलेजं आजही आहेत.

तेव्हा विहाराच्या वर्धापनदिनी एवढंच ठरवूया. जमलेल्या वर्गणीतला एक हिस्सा दरवर्षी बँकेत ठेव म्हणून टाकायचा, मुद्दलाला हात लावायचा नाही. व्याजातून वाचनालयाची पुस्तकं आणि विजेचं बिल भागवायचं. आणि हिशेब दर पौर्णिमेला विहाराच्या फळ्यावर लिहायचा. आपल्याला दगडात कोरायची गरज नाही, खडू पुरे.

नमो बुद्धाय! जयभीम!