'ड्रॅगन क्वेस्ट'चे आकर्षण : जपानमधील कन्सोल-खेळाचा एक ऐतिहासिक अभ्यास (१९८६ ते १९८८)

प्रास्ताविक

राजकीय व आर्थिक इतिहासाच्या तुलनेत करमणुकीच्या इतिहासाकडे अभ्यासकांचे लक्ष उशिराने वळले. नाटक, चित्रपट व खेळांची मैदाने यांचा इतिहास आता लिहिला जातो. परंतु दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळावयाच्या व्हिडिओ गेमचा विषय निघाला की चर्चा बहुधा 'व्यसन' या एका शब्दापाशी येऊन थांबते. हा शब्द निदान म्हणून कदाचित उपयोगी असेल, ऐतिहासिक स्पष्टीकरण म्हणून मात्र तो तोकडा आहे. एकाच काळात बाजारात असलेल्या शेकडो खेळांपैकी एखादाच खेळ संपूर्ण पिढीच्या स्मृतीत का राहतो, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. प्रस्तुत लेखात 'ड्रॅगन क्वेस्ट' या जपानी खेळाच्या पहिल्या तीन भागांच्या आधारे या प्रश्नाचा शोध घेण्याचा प्रयत्न केला आहे.

पार्श्वभूमी

कागद, पेन्सिल व फासे घेऊन खेळावयाचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. खेळणाऱ्याने काल्पनिक विश्वातील एखादी भूमिका घ्यावयाची आणि त्या पात्राची शक्ती अंकांत मोजावयाची, ही कल्पना तेथून संगणकावर आली. १९८१ मध्ये आलेले 'अल्टिमा' व 'विझर्ड्री' हे या परंपरेतील दोन महत्त्वाचे खेळ होत. ते खेळण्यासाठी महागडा संगणक, इंग्रजीचे ज्ञान व जाड माहितीपुस्तिका वाचण्याची चिकाटी, या तिन्हींची आवश्यकता होती. साहजिकच त्यांचा वर्ग मर्यादित राहिला.

युजी होरी हे मूळचे लेखक. 'शोनेन जंप' या मुलांच्या लोकप्रिय साप्ताहिकासाठी ते लेखन करीत. एनिक्स या कंपनीने १९८२ मध्ये घेतलेल्या संगणक-खेळांच्या स्पर्धेतून ते व कोइची नाकामुरा हे दोघेही पुढे आले. अमेरिकन भूमिकाप्रधान खेळांनी होरी भारावून गेले होते. परंतु निन्टेन्डो कंपनीने जुलै १९८३ मध्ये बाजारात आणलेल्या 'फॅमिकॉम' या घरगुती यंत्रावर, शाळकरी मुलालाही खेळता येईल अशा स्वरूपात ते आणावयाचे त्यांनी ठरविले. चित्रांसाठी 'ड्रॅगन बॉल'चे चित्रकार अकिरा तोरियामा, संगीतासाठी कोइची सुगियामा आणि संगणकीय रचनेसाठी नाकामुरा असा हा संच जमला. २७ मे १९८६ रोजी 'ड्रॅगन क्वेस्ट' प्रसिद्ध झाला.

चौसष्ट किलोबाइटची मर्यादा

संपूर्ण खेळ ६४ किलोबाइटच्या कार्ट्रिजमध्ये बसविलेला होता. मोबाइलवर काढलेले एखादे साधे छायाचित्रही आज त्याहून कितीतरी पटींनी मोठे असते. जागेच्या या टंचाईचा परिणाम थेट लिपीपर्यंत पोहोचला. जपानी लेखनातील काताकाना या वर्णमालेतील सर्व अक्षरे ठेवणे परवडणारे नसल्याने सुमारे वीसच अक्षरे निवडली गेली आणि राक्षसांची, गावांची व मंत्रांची नावे तेवढ्याच अक्षरांत बसवावी लागली. मराठीत एखाद्या कथाकाराला अर्धीच वर्णमाला वापरण्याची अट घालावी, त्यातला हा प्रकार! पात्रांना चारही दिशांना तोंड वळविता येईल इतकी चित्रेही मूळ आवृत्तीत नव्हती. नायक कोठेही चालला तरी त्याचे तोंड समोरच असे, आणि कोणाशी बोलावयाचे झाल्यास दिशा निवडून आज्ञा द्यावी लागे.

अशा दरिद्री सामग्रीतून उभा राहिलेला खेळ केवळ दृश्यांच्या बळावर लोकप्रिय झाला, असे म्हणता येत नाही. तांत्रिक झगमगाटात आकर्षण शोधणारे मत येथेच लटके पडते.

शिकविण्याची पद्धत

खेळाचा आरंभ राजाच्या दरबारात होतो. दालनाचे दार बंद असते. राजाशी बोलणे, पेटी उघडणे, किल्ली वापरणे व जिना उतरणे, एवढे केल्याशिवाय नायकाला बाहेर पडता येत नाही. आणि बाहेर पडेपर्यंत खेळण्यास लागणाऱ्या मूलभूत आज्ञा खेळणाऱ्याच्या हाताला वळलेल्या असतात. माहितीपुस्तिका न वाचणाऱ्या मुलासाठी केलेली ही योजना होती. अध्यापनशास्त्राच्या अभ्यासकांनी या दालनाकडे अवश्य पाहावे.

किल्ल्याबाहेर येताच पाण्यापलीकडे खलनायक ड्रॅगन-राजाचा वाडा दिसतो. अखेरचे ठिकाण पहिल्या मिनिटालाच डोळ्यांसमोर असते, परंतु तेथे पोहोचण्यासाठी साऱ्या भूमीला वळसा घालावा लागतो. जसजसे पूल ओलांडावेत तसतसे शत्रू बलाढ्य होत जातात. 'पुढे जाण्यास मनाई आहे' असे कोणी सांगत नाही. पूल ओलांडून मार खाल्ला की खेळणारा आपणहून परत फिरतो.

श्रम, फळ आणि पराभव

'स्लाइम' नावाचा निळा, थेंबाच्या आकाराचा, हसऱ्या तोंडाचा जीव हा या खेळातील सर्वांत दुबळा शत्रू. त्याला मारले की अनुभवाचा एक गुण मिळतो. दुसऱ्या पातळीवर जाण्यासाठी असे ७ गुण लागतात, तिसरीसाठी २३, चौथीसाठी ४७ आणि पाचवीसाठी ११०. तिसऱ्या पातळीवर जखमा बऱ्या करण्याचा मंत्र प्राप्त होतो. ज्या शत्रूपुढे काल पळ काढला त्यालाच आज दोन घावांत लोळविता येते. हाताच्या चपळाईचे यात काम नाही. मारधाडीच्या खेळांत हात मंद असलेला मुलगा कायमच मागे राही. येथे धीर धरणारा प्रत्येक जण पुढे जाऊ शकत होता. नायक मेला तरी सर्व काही संपत नसे. जवळचे निम्मे सोने जाई, राजा त्याला पुन्हा उभा करी, परंतु मिळविलेला अनुभव शाबूत राही. पराभवाची किंमत मोजावी लागते, पण केलेले श्रम वाया जात नाहीत, असा हा करार होता.

या करारावर आक्षेप घेता येतो, आणि तो गंभीर आहे. परीक्षांच्या स्पर्धेसाठी प्रसिद्ध असलेल्या समाजात मुलांनी शाळेतून घरी येऊन पुन्हा गुणच मोजीत बसावे, ही मुक्तता की त्याच शिस्तीची दुसरी तासिका? कंटाळवाण्या पुनरावृत्तीला सुखद बनविणे ही काही निरागस कला नव्हे. पुढील काळातील मोबाइल-खेळांनी याच तत्त्वावर पैसे उकळण्याचे तंत्र उभारले. तरीही १९८६ च्या खेळात एक फरक होता. कार्ट्रिज एकदाच विकत घ्यावयाचे होते आणि त्या खेळाला शेवट होता. संपणाऱ्या श्रमाला अर्थ येतो. न संपणाऱ्या श्रमाची तुलना त्याच्याशी करणे योग्य ठरणार नाही.

पुनरुज्जीवनाचा मंत्र

पहिल्या भागात प्रगती साठविण्याची सोय नव्हती. किल्ल्यात परत गेल्यावर राजा हिरागाना वर्णमालेतील वीस अक्षरांचा 'पुनरुज्जीवनाचा मंत्र' सांगत असे. तो वहीत उतरवून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भरायचा. दुसऱ्या भागात (जानेवारी १९८७) तो ५२ अक्षरांपर्यंत वाढला. अंधूक पडद्यावरील एखादे अक्षर चुकीचे वाचले गेले, तर अनेक दिवसांची मेहनत नाहीशी होत असे. तिसऱ्या भागात कार्ट्रिजमध्येच बॅटरी बसवून ही अडचण दूर केली गेली. सोय झाली हे खरे. पण मंत्र उतरविलेल्या वह्या हे त्या काळातील बालजीवनाचे अस्सल साधन आहे, आणि संग्रहालये कार्ट्रिजे जतन करताना वह्यांचा विचार फारसा करीत नाहीत, ही खेदाची बाब आहे.

१० फेब्रुवारी १९८८

तिसरा भाग प्रसिद्ध झाला तो बुधवार होता. दुकानांपुढे लांबच लांब रांगा लागल्या, अनेक विद्यार्थ्यांनी शाळा बुडविली आणि पोलिसांना त्यात लक्ष घालावे लागले. यातूनच 'सुटीच्या दिवशीच हा खेळ विकावा असा कायदा जपान सरकारने केला' ही आख्यायिका जन्मास आली व परदेशातही पसरली. असा कोणताही कायदा झालेला नाही. चौथा भाग ११ फेब्रुवारी १९९० रोजी, रविवारी प्रसिद्ध झाला, तो प्रकाशकाच्या निर्णयाने.

अमेरिकेत हाच खेळ ऑगस्ट १९८९ मध्ये 'ड्रॅगन वॉरियर' या नावाने गेला, परंतु तेथे अपेक्षेइतका खपला नाही आणि निन्टेन्डोने तो आपल्या मासिकाच्या वर्गणीदारांना मोफत वाटला. महाराष्ट्रात १९९० च्या दशकात फॅमिकॉमच्या स्वस्त नकला घरोघरी आल्या. त्यांच्यावर 'मारिओ' व 'कॉन्ट्रा' रंगले. संवाद वाचीत जाण्याचा हा खेळ मात्र भाषेच्या कुंपणाआड राहिला.

दंतकथेचा उगम

तिसऱ्या भागाच्या लोकप्रियतेचे कारण केवळ जाहिरातीत शोधणे चुकीचे ठरेल. पहिल्या भागातील नायक हा 'रोतो' नावाच्या प्राचीन वीराचा वंशज. रोतो कोण होता, हे कोणालाच ठाऊक नाही. त्याची शस्त्रे तेवढी उरलेली आहेत. त्याचे चिलखत दोमदोरा या उद्ध्वस्त, ओसाड गावात सापडते. तिसरा भाग हा दुसऱ्याचा पुढला काळ असेल, असे समजून खेळणारा निघतो. मोठा शत्रू पडल्यावर तो भूमीखालच्या एका अंधाऱ्या जगात उतरतो आणि तेथील नकाशा त्याच्या ओळखीचा निघतो : दोन वर्षांपूर्वी पायाखाली घातलेली तीच आलेफगार्दची भूमी. शेवटी त्या देशाचा राजा त्याला 'रोतो' ही पदवी देतो.

म्हणजे ज्याच्या कीर्तीच्या छायेत १९८६ साली मुले वावरली, तो वीर ती स्वतःच होती. दंतकथा ऐकणारा तिचा कर्ता ठरतो. काळाची अशी उलट मांडणी साहित्यात नवी नाही. परंतु वाचकाने ती केवळ जाणायची असते, येथे मात्र ती स्वतःच्या श्रमाने घडवावी लागते.

या भूमीत दोमदोरा अद्याप उभे आहे. दुकाने चालू आहेत, लोक आपापल्या कामात आहेत, कुंपणात घोडा बांधलेला आहे. त्या गावाचे पुढे काय होणार, हे तेथील रहिवाशांपैकी कोणालाही माहीत नाही; ते फक्त बाहेरून आलेल्या खेळाडूला माहीत असते, आणि त्यांना ते सांगण्याची आज्ञा खेळात दिलेली नाही.