गोडादऱ्याचे पत्ते : जुने आणि नवे

जळगाव, धुळे, नंदुरबार या मुलखांतून उदरनिर्वाहार्थ सुरतेस येऊन कापडधंद्यात स्थिरावलेल्या खानदेशी कुटुंबांनी लिंबायत-गोडादरा परिसरात जी मराठी वस्ती उभारली, तिचा गावाशी संबंध दीर्घकाळ टपालावर अवलंबून होता. आणि त्या टपालास 15 ऑगस्ट 1972 पासून सहा अंकी पिनकोडाची शिस्त लावणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी होते, संस्कृत कवीही होते, याचा मला मनस्वी अभिमान वाटतो.

आज तोच संबंध इंटरनेटच्या ज्या अदृश्य ‘आयपी’ पत्त्यांवर चालतो, त्यांची चौथी आवृत्ती सप्टेंबर 1981 मध्ये मुक्रर झाली. पत्ता 32 बिटांचा, म्हणून एकूण पत्ते सुमारे 429 कोटी. मोजक्या विद्यापीठांच्या व सरकारी संगणकांच्या त्या काळात ही तजवीज अमाप भासली, तरी 3 फेब्रुवारी 2011 रोजी मध्यवर्ती साठा वाटून संपला. मग एका दरवाजावर साऱ्या चाळीचे टपाल यावे, तसे असंख्य फोन एकाच सार्वजनिक पत्त्याआड राहू लागले. या तोडग्याने निभावले खरे, परंतु बाहेरून नेमक्या यंत्राशी थेट गाठ पडणे दुष्कर झाले, आणि जे इंटरनेटवर उशिरा आले त्यांच्याच वाट्यास ही अडचण अधिक आली, हे मला अन्यायाचे वाटते.

डिसेंबर 1998 च्या सहाव्या आवृत्तीने 128 बिटांचा पत्ता दिला. एकूण पत्त्यांची संख्या 39 अंकी. मात्र जुनी यंत्रे नव्याशी सरळ बोलू शकत नसल्याने अंमल रेंगाळला. दूरसंचार विभागाने जुलै 2010 मध्ये आराखडा काढला, तरी सामान्यांच्या हाती नवा पत्ता मुख्यतः सप्टेंबर 2016 नंतर, जिओच्या फोर-जी सेवेबरोबर, आला.