भेद म्हणजे काय? फरक, भेदभाव आणि वर्गीकरण

'भेद' हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. एक, दोन गोष्टींतला फरक ओळखणे. दुसरा, त्या फरकावरून माणसाला वर किंवा खाली बसवणे. या दोहोंची गल्लत झाली की 'आरक्षण हाही भेदभावच' हे म्हणणे खरे वाटू लागते. म्हणून आम्ही ही संकल्पना येथे थोडक्यात मांडत आहोत.

निसर्गातला भेद : शिरूर-चौफुला रस्त्यावरच्या न्हावरे परिसरातला ऊस उत्पादक ८६०३२ आणि २६५ हे वाण नुसते पाहून ओळखतो. हा फरक उसाच्या अंगातच आहे. सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात भगवान बुद्ध हेच सांगतात : गवत, झाडे, किडे, पक्षी यांना जातीची जन्मजात खूण असते, माणसाला डोक्यापासून पायापर्यंत अशी खूण नाही. माणसामाणसांतला भेद व्यवहारातल्या नावापुरता आहे. शेती करणारा तो शेतकरी, व्यापार करणारा तो व्यापारी.

समाजातला भेद : ऊस एकाने तोडावा, दुसऱ्याने वाहून न्यावा, ही कामाची विभागणी. अमुक काम अमुक जातीत जन्मलेल्यानेच करावे, ही माणसांची विभागणी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलन' या ग्रंथात हा फरक दाखवून जातीचे समर्थन खोडून काढले.

कायद्यातला भेद : संविधानाचे कलम १४ सर्वांना समान मानते, पण सर्वांना एकाच मापाने मोजा असे म्हणत नाही. अन्वर अली सरकार खटल्यात (१९५२) सर्वोच्च न्यायालयाने वर्गीकरणाच्या दोन कसोट्या सांगितल्या : वर्ग कशावरून केला ते स्पष्ट असावे आणि त्याचा कायद्याच्या हेतूशी संबंध असावा. मागासवर्गीयांसाठी विशेष तरतुदीची मुभा देणारे कलम १५(४) पहिल्या घटनादुरुस्तीने १९५१ साली आले. धर्मांतरित बौद्धांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती मिळण्याचा मार्ग १९९० च्या दुरुस्तीने मोकळा झाला. धर्म बदलला तरी समाजाने लादलेली वागणूक बदलली नव्हती, हे त्यामागचे कारण.

वापर कसा करावा : कोणी भेद केला की तीन प्रश्न विचारा. फरक खरा आहे की मानलेला? तो कोणत्या हेतूसाठी केला? त्याने अन्याय कमी होतो की वाढतो? शिष्यवृत्ती या कसोटीला उतरते. गावातली वेगळी स्मशानभूमी उतरत नाही.