चुकीचा आकडा, बरोबर रंग

आजचा भाग रंगांच्या इतिहासावर आहे. पण चित्रकारांच्या रंगांचा नाही, आकड्यांच्या रंगांचा.

फोटोशॉपच्या कलर सेटिंग्जमध्ये गेलात तर एक नाव दिसतं, 'अडोबी आरजीबी (१९९८)'. छपाईसाठी फोटो तयार करणारे कित्येक जण ते डोळे झाकून निवडतात. पण कंसातलं ते साल तिथे आलं कुठून? त्यामागे थोडी घाई आहे आणि काही चुकीचे आकडे.

आधी जरा मागे जाऊ. १९२०च्या दशकात इंग्लंडमध्ये डेव्हिड राइट आणि जॉन गिल्ड यांनी वेगवेगळे प्रयोग केले. माणसासमोर एक रंग ठेवायचा, आणि शेजारी लाल, हिरवा, निळा प्रकाश कमीजास्त करून तोच रंग जुळवायला सांगायचं. राइटकडे १० जण बसले, गिल्डकडे ७. या १७ जणांच्या डोळ्यांवरून १९३१ मध्ये सीआयई या आंतरराष्ट्रीय संस्थेने रंग मोजायची पद्धत ठरवली. आजही मोबाइलचा स्क्रीन असो की छापखान्यातलं मशीन, रंगाचा हिशोब शेवटी तिथेच जाऊन पोचतो.

आता कॉम्प्युटरकडे येऊ. फाइलमध्ये रंग म्हणजे तीन आकडे. ०, २५५, ० म्हणजे हिरवा फुल्ल. पण कुठला हिरवा? ते आकडा सांगत नाही. दुकानात जाऊन नुसतं 'पाच द्या' म्हणालात, तर दुकानदार विचारणारच ना, पाच किलो की पाच पायली? एकक नसेल तर आकड्याला अर्थ नाही.

हे एकक फाइलसोबत पाठवता यावं म्हणून १९९३ मध्ये आठ कंपन्यांनी मिळून आयसीसी ही संस्था काढली. अडोबी, अ‍ॅपल, कोडॅक, मायक्रोसॉफ्ट त्यात होत्या. त्यांनी ठरवलेलं कलर प्रोफाइल म्हणजे फाइलला लावलेली चिठ्ठी, 'हे आकडे अमुक रंगांचे आहेत' असं सांगणारी. मग १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्टने एसआरजीबी आणलं. त्या काळातला साधा मॉनिटर जेवढे रंग दाखवायचा, साधारण तेवढेच रंग त्यात. वेबसाइटसाठी झकास.

छपाईला मात्र ते अपुरं पडतं. स्क्रीन प्रकाश फेकतो, शाई प्रकाश शोषते. त्यामुळे दोघांना जमणारे रंग सारखे नसतात. स्क्रीनवरचा भडक निळा कागदावर उतरत नाही हे सगळ्यांना माहितीये. पण उलटही होतं. सायन शाईच्या काही मोरपिशी छटा कागदावर येऊ शकतात आणि एसआरजीबीत बसतच नाहीत. म्हणजे छापखान्याला जमणारा रंग फाइलमध्येच कापला जातो.

१९९८ मध्ये फोटोशॉप ५ आलं आणि त्यात प्रोफाइल वापरायची सोय आली. फोटोशॉप मुळात ज्या दोन भावांनी बनवलं, त्यातला थॉमस नोल एक. त्याने टीव्हीसाठीच्या 'एसएमपीटीई २४०एम' या स्टँडर्डच्या कागदपत्रांतून आकडे घेऊन एक प्रोफाइल बनवलं. रिलीज तोंडावर आलेलं, प्रोफाइल त्यात गेलं. लोक खूश! रंगांचा आवाका मोठा होता.

मग टीव्ही स्टँडर्डच्या जाणकारांनी अडोबीला कळवलं की हे आकडे खऱ्या स्टँडर्डचे नाहीतच. ते पुरवणीतले, आदर्श स्थितीचे आकडे आहेत. खरे आकडे एसआरजीबीच्या बरेच जवळचे होते. वर आणखी एक घोळ, लाल रंगाचा आकडा उतरवतानाही चूक झाली होती.

बग सापडला की आपण इंजिनिअर काय करतो? फिक्स. त्यांनीही करून पाहिलं. लाल सुधारला, पांढऱ्याची व्याख्या बदलून पाहिली. पण प्रत्येक दुरुस्तीनंतर छपाईच्या चार शाईंमधलं, म्हणजे सीएमवायकेमधलं रूपांतर आधीपेक्षा बिघडत गेलं. शेवटी आकडे तसेच ठेवले आणि नाव बदललं. तेच हे 'अडोबी आरजीबी (१९९८)'.

आज आकडे बघा. त्याचा लाल आणि निळा एसआरजीबीसारखाच. फरक फक्त हिरव्याच्या टोकाचा. सीआयईच्या नकाशावर एसआरजीबीचा हिरवा ०.३०, ०.६० वर आहे, अडोबी आरजीबीचा ०.२१, ०.७१ वर. मोरपिशी छटा मावतात त्या एवढ्या सरकण्यामुळे.

मला यातलं नाव बदलणं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ते आकडे टीव्ही स्टँडर्ड म्हणून चूक होते. स्वतःचं नाव मिळाल्यावर तेच आकडे बरोबर ठरले. खोटी होती ती चिठ्ठी.

आणि आपल्या प्रिंट बहुतेकदा चिठ्ठीपायीच बिघडतात. अडोबी आरजीबीची फाइल एखाद्या सॉफ्टवेअरने एसआरजीबी समजून वाचली, की रंग फिके पडतात, चेहरे आजारी दिसतात आणि शिव्या बसतात प्रिंटरला. त्यात २०१६च्या आयफोन ७ पासून डिस्प्ले पी३ नावाचं तिसरंच प्रोफाइल खिशात आलंय. त्याचा हिरवा आणखी वेगळा.

म्हणून अल्बम किंवा पोस्टर छापायला देण्याआधी लॅबला विचारा, 'फाइल कुठल्या प्रोफाइलमध्ये हवी?' एसआरजीबी म्हणाले तर एसआरजीबीच द्या, मोठ्या आवाक्याचा हट्ट नको. पण बदलताना 'कन्व्हर्ट' निवडा, 'असाइन' नाही. कन्व्हर्टमध्ये रंग शक्य तितका तोच ठेवून आकडे बदलतात. असाइनमध्ये आकडे तेच राहून नुसती चिठ्ठी बदलते. एक्स्पोर्ट करताना प्रोफाइल एम्बेड करा. आणि पूर्ण ऑर्डर देण्याआधी त्याच कागदावर एक छोटी टेस्ट प्रिंट काढून घ्या.