सागर परिक्रमा : नौका ओळखण्याची विद्या

प्रस्तावना

‘सागर परिक्रमा’ म्हटले की शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या नाविकाचे धाडस डोळ्यांपुढे येते. मात्र केवळ धाडसावर प्रदक्षिणा पुरी होत नाही. भर दक्षिण महासागरात सुकाणू अडकले किंवा बॅटऱ्या उतरल्या, तर मदतीला येणारे बंदर आठवड्यांच्या अंतरावर असते. म्हणून नौकेतील प्रत्येक यंत्रणा नाविकाला स्वतः तपासता आणि दुरुस्त करता आली पाहिजे. ही विद्या भारतीय नाविकांनी कशी मिळवली आणि पुढच्यांना कशी दिली, हे या पाठात पाहू.

पार्श्वभूमी

रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हे ब्रिटिश नाविक 22 एप्रिल 1969 रोजी एकट्याने, कुठेही न थांबता केलेली जगातील पहिली प्रदक्षिणा पूर्ण करून परतले. त्यांची ‘सुहैली’ ही सागवानी नौका मुंबईत बांधलेली होती. 1985 ते 1987 या काळात भारतीय सैन्याच्या अभियंता दलातील चमूने ‘तृष्णा’ या नौकेतून प्रदक्षिणा केली. ती नौका परदेशी बांधणीची होती. भारतात बांधलेल्या नौकेतून भारतीयाने एकट्याने जगाला फेरी घालणे मात्र बाकी होते.

‘म्हादेई’ची बांधणी

ही कल्पना निवृत्त व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांनी उचलून धरली. 2006 साली नौदलातील पाणबुडे अधिकारी कमांडर दिलीप दोंदे यांनी या मोहिमेसाठी नाव दिले. त्याच वर्षी ते स्पेनमधील बिल्बाओ येथे गेले. तिथे नॉक्स-जॉन्स्टन एका जागतिक शर्यतीची तयारी करत होते. त्यांच्या हाताखाली काम करताना दोंदे यांना निघण्यापूर्वीची तयारी जवळून पाहता आली.

नौका बांधण्याचे काम गोव्यातील दिवाडी बेटावरच्या रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्याकडे आले. आराखडा डच होता, लांबी 56 फूट. दांडेकरांनी अशी सागरी शिडाची नौका पूर्वी बांधलेली नव्हती आणि दोंदे यांनाही बांधणीचा अनुभव नव्हता. दोघांनी ती बांधता बांधताच शिकून घेतली. सामान्यतः नौका बांधणारा एक आणि चालवणारा दुसरा असतो, आणि चालवणाऱ्याला तयार नौका मिळते. इथे चालवणारा बांधणीच्या काळात कारखान्यातच होता. त्यामुळे नौकेच्या आतली रचना त्याला कागदावरून समजून घ्यावी लागली नाही. 12 फेब्रुवारी 2009 रोजी ‘म्हादेई’ नौदलात दाखल झाली.

यंत्रणा आणि तपासणी

अशा नौकेतील यंत्रणांचे ढोबळमानाने पाच भाग पडतात.

1. डोलकाठी, शिडे आणि दोर : डोलकाठीला ताणून धरणाऱ्या पोलादी तारांपैकी एक तुटली तरी डोलकाठी कोसळू शकते. म्हणून नाविक वर चढून तारांच्या टोकांना चिरा पडल्या आहेत का, हे पाहतो.
2. सुकाणू : चाकापासून पात्यापर्यंतचे सांधे तपासले जातात. चाक निकामी झाल्यास वापरायचा दांडा बसवून पाहावा लागतो.
3. स्वयंचलित सुकाणू : एकट्याला झोप मिळते ती याच यंत्रणेमुळे. विजेवर चालणाऱ्या यंत्राच्या जोडीला केवळ वाऱ्याच्या जोरावर चालणारे यंत्र असले, तर वीज गेली तरी दिशा सांभाळता येते.
4. वीज : इंजिन, जनित्र आणि बॅटऱ्या परस्परांवर अवलंबून असतात. दिवे, दिशादर्शक आणि संपर्कयंत्र किती वीज खातात, याचा रोज हिशेब ठेवावा लागतो.
5. पाणी : पिण्याच्या पाण्याच्या टाक्या, उपसा करणारे पंप आणि नौकेच्या तळातील झडपा यांत येतात. एखादी झडप फुटली तर समुद्र आत येतो.

हे सारे धक्क्यावर तपासून भागत नाही. नौका एका कुशीवर कलल्यावर, लाटांचे तडाखे बसत असताना काय सुटते, गळते किंवा घासते, ते खुल्या समुद्रातच कळते. म्हणून दोंदे आधी सहकाऱ्यांसह मॉरिशसला गेले आणि परतीचा प्रवास त्यांनी एकट्याने केला. मगच 19 ऑगस्ट 2009 रोजी त्यांनी मुंबई सोडली. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली आणि केप टाउन या चार बंदरांत थांबत ते 19 मे 2010 रोजी मुंबईला परतले. प्रत्येक थांबा म्हणजे डागडुजीची संधीही होती.

परंपरा कशी घडली

या मोहिमेत किनाऱ्यावरून मदत करणारे नौदलाचे वैमानिक अभिलाष टॉमी यांनी 2012-13 मध्ये त्याच ‘म्हादेई’तून, न थांबता प्रदक्षिणा केली. थांबा नाही म्हणजे बंदरातली दुरुस्तीही नाही. जे बिघडेल ते जवळच्या सामानाने स्वतःच सुधारायचे. पुढे दोंदे यांनी लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या सहा महिला अधिकाऱ्यांच्या चमूला प्रशिक्षण दिले. गोव्यातच बांधलेल्या ‘तारिणी’तून या चमूने 10 सप्टेंबर 2017 ते 21 मे 2018 या काळात प्रदक्षिणा केली. परतीच्या वाटेवर सुकाणूत बिघाड झाल्याने त्यांना मॉरिशसला थांबावे लागले. दुरुस्ती करून त्या गोव्यात पोहोचल्या.

तपासणीलाही मर्यादा असतात. सप्टेंबर 2018 मध्ये टॉमी यांची ‘थुरिया’ ही ‘सुहैली’च्या धर्तीवर गोव्यात बांधलेली नौका हिंदी महासागरात वादळात सापडली. डोलकाठी मोडली, त्यांच्या पाठीला गंभीर दुखापत झाली आणि तीन दिवसांनी एका फ्रेंच जहाजाने त्यांची सुटका केली. उत्तम तयारीने धोका कमी होतो, नाहीसा होत नाही.

सारांश

‘म्हादेई’चे ऐतिहासिक महत्त्व पहिलेपणाच्या विक्रमापुरते नाही. बांधणारा आणि चालवणारा एकाच कारखान्यात शिकले आणि ते ज्ञान एका नाविकाकडून दुसऱ्याकडे हातोहात गेले. त्यामुळे दशकभरातच भारतात पृथ्वीप्रदक्षिणेची स्वतःची परंपरा उभी राहिली.