कार्ड किती जीबीचं?

गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "कार्ड किती जीबीचं?" मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या दुकानांत तो मी वर्षानुवर्षं ऐकत आलो आहे. उत्तरही ठरलेलं. "हे दोनचं, ते चारचं. चारचं घ्या साहेब, पुढे उपयोगी पडेल." गिऱ्हाईक थोडं जाणतं असेल तर कोअर किती, टेराफ्लॉप किती, हेही विचारतं. श्रद्धा मात्र सगळ्यांची एकच: कागदावर ज्याचा आकडा मोठा, ते ग्राफिक्स कार्ड मोठं. ही श्रद्धा चुकीची आहे असं माझं म्हणणं आहे. निवाडा वाचकांनी करावा.

आधी पूर्वपक्ष, आणि तोही त्याच्या पूर्ण बळानिशी. आकडेवादी म्हणतात, चाचण्यांचा भरवसा काय? खेळ बदलला, ड्रायव्हर बदलला, सोबतचा प्रोसेसर बदलला, की फ्रेम बदलतात. तपशीलपत्रक मात्र सगळ्यांना एकच. ते निर्माता स्वतः छापतो, म्हणजे त्याची जबाबदारी त्याच्यावर. शिवाय जास्त कोअर म्हणजे जास्त काम, हे उघड आहे. एकाच पिढीत हे खरंही ठरतं: आरटीएक्स ३०६० मध्ये ३५८४ कोअर, ३०७० मध्ये ५८८८, आणि ३०७० निर्विवाद वेगवान. हा पक्ष पोरकट नाही. मी स्वतः बरीच वर्षं त्यातच होतो.

पण मग एकाच नावाच्या, तेवढ्याच जीबीच्या दोन कार्डांचं काय करायचं? जीटी १०३० हे कार्ड २०१७ साली आलं. दोन जीबी जीडीडीआर५ मेमरी, ३८४ कोअर. पुढच्याच वर्षी त्याच नावाने दुसरं आलं. जीबी तेवढेच, कोअर तेवढेच, मेमरी मात्र साध्या डीडीआर४ जातीची. नाव वाचून फरक कळत नाही. बारीक छपाईत मेमरीची जात शोधावी लागते. ती सापडली की हिशेब शाळकरी पोरालाही जमेल: बसची (मेमरीपर्यंतच्या वाटेची) रुंदी बिटांत गुणिले मेमरीचा दर गिगाबिटांत, भागिले आठ. पहिल्या कार्डाचे ६४ गुणिले ६ भागिले ८, म्हणजे सेकंदाला ४८ जीबी. दुसऱ्याचे ६४ गुणिले २.१ भागिले ८, म्हणजे १६.८. जेमतेम एक तृतीयांश. कित्येक खेळांत फ्रेम जवळपास निम्म्यावर आल्या. कोठार तेवढंच, दार बुजवलेलं. 'दोन जीबी' हे उत्तर दोन्ही कार्डांबद्दल खरं होतं. उपयोग शून्य.

"मेमरी सोडा, कोअर मोजा," असं जाणता आकडेवादी म्हणेल. मोजू. २०१८ च्या आरटीएक्स २०८० टीआयमध्ये ४३५२ कोअर, २०२० च्या ३०७० मध्ये ५८८८. टेराफ्लॉप अनुक्रमे सुमारे साडेतेरा आणि वीस. कागदावर नवं कार्ड दीडपट. खेळांत मात्र दोघांत डावं-उजवं करणं कठीण. मग ती दीडपट ताकद गेली कुठे? गेली नाही; मोजायची रीतच बदलली होती. जुन्या ट्युरिंग पिढीत प्रत्येक एसएम गटात अपूर्णांकांच्या गणिताची ६४ एककं होती आणि पूर्णांकांची ६४ वेगळी. 'कोअर' म्हणून फक्त पहिली मोजली जात. अँपिअर पिढीत पूर्णांकांच्या एककांना अपूर्णांकांचंही काम शिकवलं, आणि गटागणिक १२८ कोअर मोजले जाऊ लागले. पण खेळ सुरू असताना पूर्णांकांचं काम थोडंच थांबतं? मेमरीतले पत्ते काढायचे असतात, तुलना करायच्या असतात. ती एककं तिकडे गुंतली की त्या क्षणापुरते ते कोअर कागदावरचेच. आता एसएम गट मोजा. जुन्यात ६८, नव्यात ४६. निकालाचं अजून आश्चर्य वाटतं?

दोन कंपन्यांची तुलना करताना तर हे माप पुरतं कोलमडतं. रेडिऑन आरएक्स व्हेगा ६४ मध्ये ४०९६ कोअर आणि साडेबारा टेराफ्लॉपहून अधिक ताकद. त्याच्यासमोर एनव्हिडियाचं जीटीएक्स १०८०: २५६० कोअर, नऊच्या आत टेराफ्लॉप. मेमरीचा वेगही व्हेगाचाच जास्त. तरी खेळांत दोघं जवळपास बरोबरीचे, आणि विजेचा आकडा व्हेगाचा २९५ वॅट, १०८० चा १८०. शुद्ध गणनेच्या कामात व्हेगाने आपली ताकद दाखवली. पण खेळांतलं चित्र नुसत्या गणनेने पडद्यावर येत नाही.

उलटा दाखलाही घ्या. आरटीएक्स ४०६० मध्ये ३०६० पेक्षा कोअर कमी: ३५८४ चे ३०७२ झाले. मेमरीचा वेग सेकंदाला ३६० जीबीवरून २७२ वर उतरला. जीबी बारावरून आठ. आकडेवाद्याने हे कार्ड हातातही धरू नये! तरी बहुतेक खेळांत तेच पुढे, कारण घड्याळ बरंच चढवलेलं आणि एल२ कॅशे (चिपच्या आतली छोटी, जलद मेमरी) ३ एमबीवरून २४ एमबीवर नेलेली. हा शेवटचा आकडा काउंटरवर कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

राहिला निर्मात्याच्या जबाबदारीचा मुद्दा. जीटीएक्स ९७० सप्टेंबर २०१४ मध्ये आलं. आरओपी (तयार बिंदू मेमरीत लिहिणारी एककं) ६४, एल२ कॅशे २ एमबी, असं समीक्षकांना सांगितलं गेलं. जानेवारी २०१५ मध्ये एनव्हिडियाने मान्य केलं की आरओपी ५६ आणि कॅशे १.७५ एमबी, शिवाय चार जीबीतला शेवटचा अर्धा जीबी बाकीच्यापेक्षा संथ. अमेरिकेत खटला झाला, २०१६ मध्ये ग्राहकामागे ३० डॉलरवर तडजोड झाली. ही चूक पत्रकाने उघडकीला आणली का? नाही. वापरणाऱ्यांच्या मोजमापाने आणली. लॅपटॉपबद्दल तर बोलायलाच नको: डेस्कटॉपच्या आरटीएक्स ४०९० मध्ये १६३८४ कोअर, लॅपटॉपच्या '४०९०' मध्ये ९७२८.

एक गोष्ट मात्र आकडेवाद्यांच्या पदरात टाकलीच पाहिजे. मेमरी कमी पडली की कार्ड कोसळतं. आरटीएक्स ४०६० टीआय आठ जीबीचं आणि सोळा जीबीचं, दोन्हींचा मेमरी-वेग २८८; बहुतेक खेळांत दोघांत फरक शोधावा लागतो. पण खेळाचं सामान आठ जीबीत मावेनासं झालं की पहिलं अडखळतं आणि दुसरं सुरळीत चालतं. म्हणजे जीबी ही किमान अट आहे. ती पुरी झाली की पुढचे जीबी वेग वाढवत नाहीत.

मग नुसती सरासरी फ्रेमसंख्या पाहावी का? तेही नको. समीक्षक स्कॉट वॉसन यांनी २०११ मध्येच दाखवून दिलं की सेकंदाची सरासरी त्या सेकंदातला झटका लपवते. साठ फ्रेम म्हणजे प्रत्येकीला १६.७ मिलिसेकंद, त्यातली एक जरी शंभर मिलिसेकंद अडली तरी डोळ्याला खटकते, सरासरीला नाही. म्हणून चाचणी वाचताना सर्वांत संथ एक टक्का फ्रेमचा आकडा आधी पाहावा, आणि चाचणी आपल्या पडद्याच्या रिझोल्यूशनवर झाली आहे का, हेही.

तेव्हा पुढच्या वेळी "किती जीबीचं?" हा प्रश्न ओठांवर आला की थांबा. खोकं उलटं करून मेमरीची जात, तिचा दर आणि बसची रुंदी वाचा, वरचा गुणाकार करा, आणि तुम्ही जो खेळ खेळता त्याच खेळातली मोजणी पाहिल्याशिवाय पाकिटात हात घालू नका.