सुटे भाग जोडता येणारा फोन : एका कल्पनेचा पाव शतकाचा प्रवास

मिक्सरची मोटर एकच असते. ओल्या वाटणाचे भांडे काढून चटणीचे छोटे भांडे बसवले, की तेच यंत्र दुसऱ्या कामाला लागते. तळहातावर मावणारा संगणक किंवा भ्रमणध्वनी संचही असाच घडवता यावा, ही कल्पना गेले पाव शतक तंत्रज्ञांना खुणावत आली आहे. मूळ यंत्र साधे व स्वस्त असावे. कॅमेरा, स्पीकर, जादा बॅटरी यांपैकी ज्याला जे हवे ते त्याने वेगळे विकत घेऊन जोडावे. या रचनेला ‘मॉड्युलर’ म्हणतात. बाजारात ही कल्पना अनेकदा आली आणि बहुतेक वेळा तिला माघार घ्यावी लागली.

तिचा पहिला ठळक प्रयोग म्हणजे ‘हँडस्प्रिंग व्हायझर’. ‘पाम’ हे हातसंगणक घडवणारे जेफ हॉकिन्स, डोना डुबिन्स्की आणि एड कॉलिगन यांनी १९९८ मध्ये ‘हँडस्प्रिंग’ ही कंपनी काढली व सप्टेंबर १९९९ मध्ये व्हायझर जाहीर केला. त्याच्या पाठीवर ‘स्प्रिंगबोर्ड’ नावाची खाच होती. व्हिडिओ गेमची कॅसेट बसवावी तसा जोडभाग त्यात सरकवायचा. कॅमेरा, मोडेम, एमपीथ्री वादक, उपग्रहाधारित दिशादर्शक असे अनेक जोडभाग निघाले. यातील खरी चतुराई खाचेत नव्हती. जोडभागाला लागणारी आज्ञावली त्या जोडभागातच साठवलेली असे. तो बसवताच ती चालू होई आणि काढताच निघून जाई; वापरणाऱ्याला काहीही भरावे लागत नसे. इतकी सहज जोडणी नंतरच्या अनेक श्रीमंत कंपन्यांनाही साधली नाही.

याच खाचेत बसणारा ‘व्हायझरफोन’ २००० मध्ये आला आणि हातसंगणकाचा भ्रमणध्वनी झाला. पण या जोडभागाला स्वतःची वेगळी बॅटरी लागे आणि यंत्र चांगलेच जाड होई. २००१ मधील सडपातळ ‘व्हायझर एज’ला स्प्रिंगबोर्डसाठी पाठीवर निराळे आवरण चढवावे लागले. पुढे २००२ मध्ये बाजारात आलेल्या ‘ट्रिओ’मध्ये फोन आतच सामावला आणि खाच नाहीशी झाली. २००३ मध्ये हँडस्प्रिंग पाममध्ये विलीन झाली. ज्यांनी हौसेने जोडभाग जमवले होते, त्यांच्याकडे उरली ती मोटर नसलेली भांडी.

इस्रायलमधील डोव्ह मोरान यांनी २००८ मध्ये ‘मोडू’ हा जेमतेम ४० ग्रॅमचा इवलासा फोन सादर केला. तो निरनिराळ्या ‘जॅकेट’मध्ये बसवला, की त्याचे रूप व काम बदले. ही कंपनी २०११ मध्ये बंद पडली.

त्यानंतर चर्चेला उधाण आले ते सप्टेंबर २०१३ मध्ये. डेव्ह हाकेन्स या डच तरुणाचा कॅमेरा भिंगाची मोटर बिघडल्याने बंद पडला होता. एवढ्याशा भागापायी सगळा कॅमेरा टाकायचा, हे न पटून त्याने ‘फोनब्लॉक्स’ ही ठोकळ्यांच्या फोनची संकल्पना चित्रफितीतून मांडली. पुढच्याच महिन्यात, तेव्हा गूगलच्या मालकीच्या असलेल्या मोटोरोलाने ‘प्रोजेक्ट आरा’ जाहीर केला. धातूचा सांगाडा, त्यावर चुंबकाने धरून ठेवलेले ठोकळे. प्रोसेसरसुद्धा बदलता येणार होता! प्वेर्तो रिकोमध्ये २०१५ साली ठरलेली चाचणी-विक्री रद्द झाली. मे २०१६ च्या नव्या आराखड्यात पडदा, प्रोसेसर व बॅटरी सांगाड्यातच पक्की केली होती. म्हणजे कल्पनेचा गाभा तेव्हाच गळाला होता. आवाजी हुकूम देताच कॅमेऱ्याचा ठोकळा सुटतो, हे प्रात्यक्षिक मात्र टाळ्या घेऊन गेले. सप्टेंबर २०१६ मध्ये प्रकल्प थांबला.

असे वारंवार का व्हावे? आधुनिक फोनमधील बहुतेक कामे एकाच चिपवर एकवटली आहेत. ती वेगळी करायची तर प्रत्येक ठोकळ्याला स्वतःचे कवच, जोडणीच्या पिना आणि जागा द्यावी लागते. वजन वाढते, वीज अधिक लागते. शिवाय लोकांना आवडलेला जोडभाग कंपन्या पुढच्या फोनमध्ये आतच बसवतात. कॅमेऱ्याचे तेच झाले.

एलजीने २०१६ च्या ‘जी५’मध्ये फोनचा तळ ओढून जोडभाग बसवण्याची सोय दिली आणि वर्षभरातच ‘जी६’मध्ये ती सोडून दिली. त्या मानाने मोटोरोलाच्या ‘मोटो मॉड्स’नी चांगली तग धरली. २०१६ च्या ‘मोटो झेड’साठी घेतलेला स्पीकर किंवा प्रोजेक्टर २०१९ च्या ‘झेड४’वरही बसे. मात्र त्यासाठी चार वर्षे फोनची पाठ त्याच मापाची ठेवावी लागली. पुढे ती मालिकाच थांबली.

टिकला तो निराळ्या हेतूने सुटा केलेला फोन. अॅमस्टरडॅमच्या ‘फेअरफोन’ने २०१५ मध्ये ‘फेअरफोन २’ आणला. यात नवे काम जोडण्यापेक्षा बिघडलेला भाग घरच्या घरी बदलण्यावर भर होता. २०१९ च्या ‘फेअरफोन ३’च्या खोक्यात तर छोटा पेचकसही मिळे. क्षमता वाढवण्याची वाटही थोडी उघडी राहिली: २०१७ मध्ये ‘फेअरफोन २’साठी अधिक चांगला कॅमेरा स्वतंत्रपणे विक्रीस आला. पण एका पिढीचे सगळे भाग पुढच्या पिढीला बसतात, असे येथेही नाही. ‘फेअरफोन ५’ला २०२३ मध्ये कंपनीने पाच वर्षांची हमी दिली आणि २०३१ पर्यंत आज्ञावली अद्ययावत ठेवण्याचे आश्वासनही दिले.

कंपनीने पाठ फिरवल्यावर ग्राहकाने काय करायचे, या जुन्या प्रश्नाची दखल आता कायद्यानेही घेतली आहे. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनुसार फोनच्या एखाद्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही ठरावीक सुटे भाग सात वर्षे उपलब्ध ठेवावे लागतात. भारतात केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ हे संकेतस्थळ सुरू केले. कंपन्यांकडील दुरुस्तीची, हमीची व सुट्या भागांची माहिती ग्राहकाला एका ठिकाणी मिळावी, हा त्याचा उद्देश आहे.